नळाला बांधलेली हिरवी वायर

अर्थिंगमामा कुणाच्याही घरात शिरताना चपला काढत नसत. आमच्या लालबाग-परळच्या चाळींत दारात चपला न काढता आत येणारा माणूस म्हणजे एक तर हवालदार, नाहीतर सरळसरळ उद्धट. मामा दोन्ही नव्हते. पण यजमानीण दारात उभी राहून त्यांच्या पायांकडे कितीही बघो, गणपतीचे दिवस असोत की सोवळ्यातली सासू समोर बसलेली असो, मामा आपल्या रबरी चपला फटफट वाजवत थेट मशीनपर्यंत जायचे. "मामा, चपला," असं कुणी म्हणालंच तर उत्तर ठरलेलं. "आधी अर्थिंग, मगे चपलो." मग पिशवीतून होल्डरमधला बल्ब निघायचा. त्याच्या दोन वायरींपैकी एक प्लगाच्या जिवंत भोकात आणि दुसरी अर्थिंगच्या भोकात. बल्ब लख्ख पेटला, की मामा चपला काढून दाराबाहेर नीट जोडून ठेवायचे आणि मग अगदी सभ्य माणसासारखे आत येऊन पाणी मागायचे. बल्ब मिणमिणला किंवा पेटलाच नाही, तर त्या घरात पाणीसुद्धा नाही. म्हणून नाव पडलं अर्थिंगमामा. खरं नाव रेशनकार्डावर होतं, ते तिथेच राहिलं.

मामा आमच्या शेजारच्या खोलीत राहायचे. मालवणकडचे. गिरणीत इलेक्ट्रिक खात्यात वायरमन होते आणि त्या खात्याचा त्यांना भलता अभिमान. मागावाले, बॉयलरवाले, सगळे त्यांच्या लेखी चांगलेच, पण "आमी बटण दाबला तर तुमची गिरण," हे ते हसत हसत ऐकवायचेच. मग संप झाला. पहिले काही महिने सगळी चाळ उद्याच गिरणी सुरू होणार अशा थाटात वागली, आणि मग एकेक जण मुकाट्याने कामाला लागला. कुणी गावी गेला, कुणी भाजीची पाटी घेतली, कुणी पोराच्या जिवावर घरात बसला. मामा हातातली कला असूनही जिन्यावर बसून राहिले. "गिरणीचो वायरमन दारोदार पंखे दुरुस्त करीत फिरणा नाय," म्हणे. बसा मग! घर चालवलं मामीने. हिंदमात्याच्या साडीच्या दुकानांतून गठ्ठे आणायची आणि दिवसभर साड्यांना फॉल लावायची. तिच्या बोटांची टोकं सुयांनी चाळणीसारखी झाली होती. पण नवऱ्याला एका शब्दाने बोलली नाही. आम्हालाच सांगायची, "बसांदे गो. पुरुषाची नोकरी गेली की तेची बसाची जागा तरी ऱ्हवांदे."

मामांना जिन्यावरून उठवलं ते आमच्या ड्रायरने, हे मी मोठ्या तोऱ्यात सांगत असे. आता सांगताना जीभ अडखळते, पण खरं ते खरं. माझ्या आईला दमा होता. एका खोलीत दोन माणसं, त्यात पावसाचे चार महिने दोऱ्यांवर लोंबणारे ओले कपडे. कपडे ओले असले की आईचा श्वास वाजायचा. मी टेलिफोन खात्यात नोकरीला लागले होते, लग्न झालेलं नव्हतं (पुढेही झालं नाही, कुणी हळहळू नये), आणि बोनस मिळाल्याबरोबर पहिली गोष्ट घेतली ती कपडे पिळून सुकवणारा ड्रायर. धुवायची मशीन नाही हं, नुसता ड्रायर. आत भोकांची टाकी, बाहेर पत्र्याचं पिंप. कपडे टाकले की गरगर फिरून जवळजवळ कोरडे बाहेर. चाळीतल्या पहिल्या टीव्हीला झाली नसेल एवढी गर्दी आमच्याकडे झाली. आणि पंधरवड्यात तो बंद पडला. नुसता हुं हुं करायचा, फिरायचा नाही. दुकानदार म्हणे माणूस पाठवतो. त्याचा माणूस कधी जन्माला यायचा होता देव जाणे. आईचा श्वास पुन्हा वाजायला लागला.

भिंतीला भिंत लागून, त्यामुळे मामांना तो श्वास ऐकू जायचा. एका सकाळी ते उठले, पिशवी घेतली आणि चपलांसकट आमच्या घरात आले. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "गुरगुरता पण फिरणा नाय, म्हणजे करंट मोटारीपर्यंत जाता. जीव असा. बघूया." मागचा पत्रा खोलला. आधी फ्यूज काढून खिशात घातला, मग एकेक वायर हातात घेऊन तिच्याशी बोलायला लागले. कुठून आली, कुठे गेली, वाटेत कुठे घासली. मामांची पद्धत तीच होती. तुकडा बघायचा नाही, आख्खी वाट चालायची. झाकणाखाली एक छोटं बटण असतं, झाकण उघडलं की टाकी थांबवणारं. त्याची वायर ठीक होती. मोटारीला सुरुवातीचा झटका देणारा कंडेन्सर गेलेला निघाला, शिवाय मशीन थरथरून थरथरून एक वायर पत्र्याच्या कडेला घासून जवळजवळ उघडी पडली होती. तिच्यावर त्यांनी बोट ठेवलं. "हीच ती. आज ना उद्या पिंपात करंट सोडतली होती. आणि तुझ्या औशीक कोण सांगतला हात लावू नको म्हणून?"

मग अर्थिंगचा बल्ब. तो काही पेटला नाही. आमच्या चाळीत तीन भोकांचे प्लग होते, पण तिसऱ्या भोकामागे नुसती भिंत होती, वायर कसली आणि काय! मामा बराच वेळ इकडेतिकडे बघत बसले आणि मग मोरीत गेले. आमच्याकडे मोरी आणि नळ खोलीतच होते, संडास तेवढे सामाईक. आमची मोरी आणि मामांची मोरी पाठीला पाठ लावून. मधल्या भिंतीतून एकच लोखंडी पाइप आणि त्याला दोन्ही बाजूंना तोट्या, एक आमची, एक त्यांची. मामांनी बल्बची दुसरी वायर नळाला टेकवली आणि बल्ब असा पेटला की आई अंथरुणात उठून बसली. "गो सुले, ह्यो पाइप खय गेलो? थेट जमिनीत! ह्याच्यासारखा अर्थिंग नाय." त्यांनी एक हिरवी वायर आणली, एक टोक ड्रायरच्या पत्र्याला, दुसरं नळाला आवळून बांधलं आणि मला समजावलं, "करंटाक वाट होयी. तू वाट दिलंस तर तो मुकाट जमिनीत जातलो. नाय दिलंस तर तुझ्या आंगातसून जातलो." मग चपला काढल्या. आईने चहा टाकला. मामी दारात उभी राहून नवऱ्याकडे अशी बघत होती की मीच मान वळवली.

तिथून मामांचं बस्तान बसलं. त्या काळात मध्यमवर्गाने नुकत्याच मशिनी घ्यायला सुरुवात केली होती आणि पावसाळ्यात ड्रायर बंद पडणं म्हणजे घरावर संकट. परळ, लालबाग, दादर, प्रभादेवी, जिथे तिथे मामा. उंदराने वायर कुरतडली, बोलवा मामांना. झाकण लावलं तरी टाकी फिरत नाही, बोलवा मामांना. दुरुस्ती पाच मिनिटांची असो की दिवसाची, जिथे अर्थिंग नाही तिथे हिरवी वायर नळाला बांधल्याशिवाय मामा निघत नसत. लोक म्हणायचे, "ते राहू द्या हो, चालतंय ना." मामा म्हणायचे, "चलता म्हणान मेलेले माणूस मी गिरणीत बघलंय."

फ्यूज खिशात ठेवायची सवय गिरणीतली. आपण मशीनमध्ये हात घातलेला असताना दुसरा कुणी बटण दाबेल, म्हणून फ्यूज आपल्याजवळ. सवय चांगलीच, पण मामा तो खिशात तसाच घेऊन घरी यायचे. दादरच्या एका घरातला कर्ता पुरुष एकदा ऑफिसच्या कपड्यांत घामाघूम होऊन आमचे तीन जिने चढून आला. घरात पंखा नाही, फ्रीज नाही, आणि मामा जेवून गाढ झोपलेले. मामीने खुंटीवरच्या शर्टाच्या खिशातून त्याचं घर काढून त्याच्या हातात दिलं आणि वर आम्हाला ऐकवलं, "लोकांच्या घोवांच्या खिशात चिठ्ये गावतत, माझ्या घोवाच्या खिशात फ्यूज!" स्वतःच्या घरात मात्र तिने ड्रायर घेऊ दिला नाही. मामांनी जुना एक दुरुस्त करून आणला होता, तो तिने तसाच परत पाठवला. ते मशीन फिरायला लागलं की जमीन थरथरते, आणि थरथरली की गिरणी आठवते, म्हणे. "माझे लुगडे वाऱ्यार सुकतत. माका घाई नाय."

मग चाळीची दुरुस्ती निघाली. जुने लोखंडी पाइप आतून गंजून बुजले होते, वरच्या मजल्यावर पाणी करंगळीएवढं यायचं. ते काढून प्लॅस्टिकचे पाइप टाकले. काय आनंद झाला होता सगळ्यांना! धो धो पाणी. मामांनी स्वतः प्लंबरची शिडी धरली होती, जुने पाइप जिन्यावरून खाली न्यायला हात लावला होता. भिंतीतला तुकडा काढायचा तर दोन्ही मोऱ्यांच्या लाद्या फोडाव्या लागणार, म्हणून प्लंबरने तो तेवढा लोखंडीच ठेवला आणि खालून येणारा पाइप प्लॅस्टिकचा जोडला. मामांनी ते बघितलं. मामीने पेढे वाटले, तेही खाल्ले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वायरी वाटभर तपासणाऱ्या माणसाच्या डोक्यात हे आलं नाही, की नळ आता जमिनीपर्यंत पोचत नाही. आमची हिरवी वायर लोखंडाच्या एका तुकड्याला बांधलेली होती, आणि त्या तुकड्याला दुसऱ्या बाजूने फक्त मामीची तोटी होती.

त्यानंतरचा पावसाळा. मी ऑफिसला गेले होते. आईने चार कपडे ड्रायरमध्ये टाकले, बटण फिरवलं आणि पुन्हा खाटेवर जाऊन पडली. पाठीमागून उंदराने आत शिरून वायर कुरतडलेली होती. पिंपात करंट आला, हिरव्या वायरीतून नळाला गेला, आणि पुढे त्याला जमीन सापडली नाही. पलीकडे मामी ओल्या मोरीत अनवाणी उभी होती, पाणी भरत. तिने तोटी बंद करायला हात लावला.

मामा घरातच होते. त्यांनी बघितलं आणि ते तिच्याकडे धावले नाहीत. जिन्यातल्या मेनकडे धावले, फ्यूज उपटून काढला आणि मग परत आले. तसंच करायचं असतं. करंट लागलेल्या माणसाला धरलं तर दोघंही जातात, हे त्यांनीच चाळीतल्या पोराटोरांना शिकवलं होतं. पण तेवढ्यात मामी गेलेली होती. चाळीतल्या काही बायका पुढे वर्षभर कुजबुजत होत्या, बायको समोर तडफडत होती आणि हा माणूस जिन्याकडे पळाला. माझ्या कानावर आलं तेव्हा मी त्यांना भर गॅलरीत नको नको ते बोलले.

मामीला पोचवून आले त्या संध्याकाळी मामा आमच्या दारात उभे राहिले. हातात बल्ब. आई रडत होती, कपाळ बडवून घेत होती, "माझ्या मशीनने खाल्लं हो तिला," म्हणत होती. मामा मोरीत गेले, एक वायर प्लगात, दुसरी नळाला. बल्ब काळाच राहिला. त्यांनी तो पुसला, पुन्हा लावला. मग तिथेच ओल्या लादीवर बसले. "वयनी, रडू नकात," आईला म्हणाले. "मशीनचो दोष नाय. उंदराचो पण नाय. वाट मीच बांधलंय, थेट तिच्या हातापर्यंत." मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला तर तो इतका थंड लागला की मला भीती वाटली.

तेराव्यानंतर मामांनी पहिलं काय केलं असेल, तर अंगणात खड्डा खणला. माणसाच्या उंचीचा. त्यात तांब्याची पट्टी उभी केली, कोळसा भरला, वडाळ्याच्या मिठागरातून जाडं मीठ आणून ओतलं आणि आमच्या नळाची हिरवी वायर काढून टाकून तिथून प्रत्येक खोलीपर्यंत खरी अर्थिंग ओढली. चाळीतले पुरुष न सांगता फावडी घेऊन उतरले होते. खड्डा ओला राहावा लागतो, म्हणून मामा रोज सकाळी त्यावर तांब्याभर पाणी घालायचे. चाळीत नवीन आलेल्या बिऱ्हाडांना वाटायचं, कुणाची तरी समाधी आहे. आम्ही त्यांची समजूत कधी काढली नाही.

आणि मग ते माझ्याकडे आले. "सुले, मी किती घरांत नळाक वायर बांधलंय?" त्यांना झोप नव्हती. मुंबईभर लोखंडी पाइप निघत होते, प्लॅस्टिकचे बसत होते, आणि घराघरांत मामांच्या हिरव्या वायरी तशाच होत्या. कुठल्या तरी घरात उंदीर वायर कुरतडणार आणि शेजारच्या घरात कुणीतरी नळाला हात लावणार, ज्याच्या घरी मशीनसुद्धा नाही. "एक मामी गेली. दुसरी जावची नाय." मी म्हटलं, चला. रविवारी मला तरी कुठे नवऱ्याला जेवायला वाढायचं होतं!

मामांना घरं पत्त्याने आठवत नसत. पोपटवालीचं घर. आंबोळ्या देणारीचं घर. सासू-सून एकमेकींशी बोलत नव्हत्या ते घर. अशा खुणांवर आम्ही सगळा इलाखा पालथा घातला. कुठे नळाला बल्ब लख्ख पेटायचा, तिथे पाइप अजून लोखंडीच असायचा. तरी मामा वायर कापायचे आणि सोसायटीने खरी अर्थिंग करून घ्यावी म्हणून हात जोडायचे. कुठे बल्ब पेटायचा नाही, आणि मामांचा चेहरा पांढरा पडायचा. लोक काय काय म्हणायचे! कुणी म्हणे, म्हाताऱ्याला वेड लागलंय. कुणी म्हणे, आधी बांधायची, मग कापायची, हा काय धंदा? हिंदमात्याजवळच्या एका बाईने तर तोंडावर दार आपटलं. मामा तिच्या जिन्यात बसून राहिले, तिचा नवरा संध्याकाळी येईपर्यंत. मी माझा टेलिफोन खात्याचा आवाज लावायचे तेव्हा काही दारं उघडायची.

एक गोष्ट मात्र मला पहिल्यांदा खटकली होती. मामांनी चपलांचा नेम सोडला होता. कुठल्याही घरात, बल्ब लावायच्या आधीच, ते चपला बाहेर काढून अनवाणी शिरायचे आणि ओल्या मोरीत उभे राहून नळाला हात लावायचे. एकदा मी ओरडलेच, "मामा, हे काय चाललंय? मरायचंय का?" त्यांनी तोटीवरचा हात काढला नाही. मला जे समजायचं ते समजलं. बाहेर आल्यावर जिन्यावरच मी त्यांना सुनावलं, की घरं संपेपर्यंत तुम्हाला मरायचा हक्क नाही. पुढच्या रविवारी मामा चपला घालून आत शिरले.

गिरण्या पडत होत्या, चाळी पडत होत्या, त्यांच्या जागी टॉवर येत होते. एखादी जुनी चाळ शोधत जावं तर तिथे पत्रे ठोकलेले आणि आत मातीचा ढिगारा. आमची माणसं अशा ठिकाणी उभी राहून डोळे पुसायची. मामा सुटकेचा श्वास टाकायचे. "बरां झालां. मोडली." आजूबाजूच्या लोकांना राग यायचा, हा आपलाच माणूस असून असं कसं बोलतो म्हणून. त्यांना कोण समजावणार, की मामांच्या हिशोबात आणखी एक घर वाचलं होतं.

असं करत करत वर्षं गेली. आई गेली. घरं संपत आली तसं मामांचं डोकं दगा द्यायला लागलं. एकाच घरी दोनदा जायला लागले. बाजाराला म्हणून निघायचे आणि गिरणीच्या बंद गेटाशी उभे असायचे. डॉक्टर म्हणाले, वय झालं, आता हे वाढतच जाणार. मग आम्ही दोघंही घाईला आलो. घरं मामांच्या डोक्यातच होती, आणि डोकं रिकामं व्हायच्या आत ती गाठायची होती. शेवटी एक राहिलं. प्रभादेवीचं. "ओली बाळंतीण होती गो. खोलीभर लंगोट. शेजारी कोळणीचा घर, बोंबील सुकत घातलेले." एवढंच. तिचं नाव नाही, गल्ली नाही. रविवारमागून रविवार आम्ही प्रभादेवीच्या गल्ल्या हुंगत फिरलो. मामा मध्येच थांबायचे, नाक वर करून वास घ्यायचे आणि मान हलवायचे. "हा नाय."

त्या पावसाळ्यात मामांच्या छातीत कफ भरला आणि त्यांना हॉस्पिटलात ठेवावं लागलं. तापातही तेच. मला ओळखायचे, नाही ओळखायचे, पण "प्रभादेवी" म्हणायचे. मी दुपारची रजा टाकली आणि त्यांची पिशवी घेऊन एकटीच गेले. गल्लीच्या तोंडाशी एक म्हातारी कोळीण पाटी घेऊन बसली होती. कितीदा तिच्यासमोरून गेलो होतो, पण विचारलं कधी नव्हतं. मी म्हटलं, "मावशी, इथे पूर्वी कुणी बाळंतीण होती, लंगोट सुकवायला ड्रायर घेतलेला, आठवतंय का?"

"ड्रायर?" तिने सुरी खाली ठेवली. "अगो, ती जुल्यांची आई! दोन-दोन पोरांचे लंगोट, ती बिचारी करल काय? तिसऱ्या माल्यावर जा. अजून फिरतंय तिचं डबडं."

जुळी! ते तेवढं मामा विसरले होते. मी तिसऱ्या मजल्यावर गेले. कॉलेजात जाणाऱ्या दोन सारख्या मुलींनी दार उघडलं. गॅलरीत ड्रायर, आणि त्याच्यापासून मोरीतल्या नळापर्यंत हिरवी वायर. रंग उडालेला, पण गाठ मामांचीच, मी ती कुठेही ओळखली असती. मोरीत पाइप प्लॅस्टिकचा होता. मी मेन बंद केला, फ्यूज काढून पर्समध्ये टाकला तेव्हा मुली हसायला लागल्या. मग वायर कापली आणि पिशवीत ठेवली. त्यांच्या आईला सगळं समजावून सांगितलं, तो ड्रायर अर्थिंग होईपर्यंत लावणार नाही असं तिच्याकडून वदवून घेतलं, फ्यूज परत बसवला आणि टॅक्सीत बसून मी ढसाढसा रडले. टॅक्सीवाला आरशातून बघत होता. बघ बाबा, म्हटलं, बघ. आज आमचं काम संपलं.

हॉस्पिटलात मामा जागे होते. डोळे स्वच्छ होते. मी कापलेली वायर त्यांच्या हातात ठेवली. "मामा, प्रभादेवीचं घर सापडलं. जुळ्या मुली होत्या, आता मोठ्या झाल्यात. वायर कापली मी. सगळी घरं झाली."

त्यांनी वायर बोटांनी चाचपली. चेहऱ्यावर जे हसू आलं ते मी कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं.

"सगळी?"

"सगळी, मामा. एकही राहिलं नाही."

मग त्यांनी एकदम माझा हात धरला आणि उठायला लागले. "नाय गो. आमचाच रवला." त्यांची नजर दाराकडे होती. "धाव गो, आमच्या हिका जाऊन सांग. पाण्याची वेळ झाली. नळाक हात लावू नको म्हणान सांग. मी येतंय, येयसर काय्येक करू नको."

मी त्यांना उशीवर टेकवलं. "सांगते, मामा," म्हटलं.

"आत्ताच जा."

मी उठले, वॉर्डाबाहेर गेले आणि भिंतीला टेकून जरा वेळ उभी राहिले. मग परत आत आले. ते वाटच बघत होते.

"सांगितलंस?"

"सांगितलं, मामा. नाही लावला हात."